गिअरचा खटका कुणाच्या हातासाठी? आडव्या सायकलींची आणि तीनचाकींची गोष्ट

ज्यांना बसमध्ये, लायब्ररीत किंवा क्लासच्या मधल्या सुट्टीत कानात इअरफोन घालता येत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, त्यामुळे वाचताना भाषा थोडी गप्पांची वाटेल.

आजचा विषय अगदी बोटभर लांबीचा आहे. सायकलचा गिअर बदलायचा खटका. दुकानात त्याला शिफ्टर म्हणतात.

लातूरला क्लासेसच्या भागात सकाळी सहा-साडेसहाला उभं राहिलं की सायकलींचा लोंढा दिसतो. त्यातल्या बऱ्याच सायकलींना गिअर असतात. जाड टायर, हँडलवर दोन खटके, मागे पाच-सहा चकत्या. आता खरं सांगा, तुमच्याकडे अशी सायकल असेल तर तुम्ही किती गिअर वापरता? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. पहिल्या महिन्यात सगळे वापरले, मग चेन पडायला लागली, मग मिस्त्रीने एका ठिकाणी पक्का करून दिला, आणि आता ती एकाच गिअरची सायकल आहे.

आणि गंमत म्हणजे आपलं काही अडत नाही. का अडत नाही? या प्रश्नातच आजची सगळी गोष्ट आहे.

आपला देशी गिअर

समोर चढ आला की आपण काय करतो? सीटवरून उठतो आणि उभ्याने पायडल मारतो. पायाच्या ताकदीला अख्ख्या शरीराचं वजन जोडतो. तेही पुरलं नाही तर खाली उतरतो आणि सायकल हातात धरून चालतो. म्हणजे आपल्याकडे दोन गिअर कायमच असतात, एक उभं राहायचा आणि एक उतरायचा. ते फुकट मिळतात, बिघडत नाहीत आणि त्यांना वायर लागत नाही.

थोडा हिशोब करू. गणित सोपं आहे, घाबरू नका. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलला पुढच्या चकतीवर साधारण ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलवर १८ दाते असतात. चाक २८ इंची. पायडलची एक पूर्ण फेरी मारली की सायकल जवळपास ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे झकास आहे. आता चढ घ्या. शंभर मीटरला पाच मीटर वर चढणारा रस्ता, म्हणजे एखाद्या उड्डाणपुलासारखा. माणूस, सायकल आणि दप्तर मिळून वजन १०० किलो धरू. पायडलच्या प्रत्येक फेरीला हे शंभर किलो तुम्ही २७ सेंटीमीटर वर उचलताय. दर सेकंदाला एक फेरी धरली तर थोड्याच वेळात धाप लागते.

हाच चढ हलक्या गिअरवर घ्या. पुढे २२ दाते, मागे ३४, चाक २६ इंची. एका फेरीत सायकल फक्त १.३ मीटर सरकते आणि शंभर किलो सात सेंटीमीटरसुद्धा उचलावे लागत नाहीत. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त माराव्या लागतात, पण दम टिकतो. गिअर ताकद वाढवत नाही. एकदम उचलायचं ओझं तो लहान लहान हप्त्यांत वाटून देतो, एवढंच त्याचं काम.

आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा ज्याला उभं राहता येत नाही आणि खाली उतरताही येत नाही. त्याचे ते दोन फुकटचे गिअर गेले. त्याला खरा गिअर हवाच.

असे चालवणारे दोन प्रकारचे आहेत. पहिले युरोप-अमेरिकेत जास्त दिसतात. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या आडव्या सायकली असतात, त्यांना रिकम्बंट म्हणतात. त्याच घडणीच्या तीनचाकी असतात, त्यांना ट्राइक म्हणतात. आरामखुर्चीत बसून पायडल मारतोय असं समजा. खुर्चीत बसल्यावर उभ्याने पायडल कसं मारणार? दुसरे आपल्या ओळखीचे आहेत. नांदेडच्या रेल्वे स्टेशनबाहेर, गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर, तालुक्याच्या बसस्टँडसमोर हाताने पायडल फिरवत जाणारी तीनचाकी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पहिल्या प्रकारच्या गाड्यांना आज सत्तावीस-सत्तावीस गिअर असतात. दुसऱ्या प्रकारच्या गाडीला बहुतेक वेळा एकच असतो. हे असं कसं झालं?

सायकलच्या आधी तीनचाकी

आपण समजतो की आधी सायकल आली आणि मग कुणीतरी तिला तिसरं चाक लावलं. तसं झालेलं नाही. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गजवळ स्टीफन फारफ्लर नावाचा घड्याळजी होता. त्याला पायांनी चालता येत नव्हतं. १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. हाताने मूठ फिरवायची, दातेरी चाकं फिरायची आणि गाडी पुढे जायची. घड्याळजी असल्यामुळे दात्यांचं गणित त्याच्या बोटांवर होतं. काळ लक्षात राहावा म्हणून सांगतो. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

दोन चाकांची पहिली गाडी कार्ल फॉन ड्रेसने काढली ती १८१७ साली. तिला पायडलसुद्धा नव्हतं, जमिनीवर पाय मारत पळवायची. म्हणजे हाताने चालवायची तीनचाकी ही दुचाकीपेक्षा दीडशे वर्षांहून मोठी आहे. आणि तिचा कर्ता कुणी उपकार करणारा नव्हता. ज्याला ती चालवायची होती त्यानेच ती बनवली. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी लागेल.

पुढे १८७० आणि १८८० च्या दशकांत इंग्लंडमध्ये तीनचाकींची लाट आली. उंच चाकाच्या सायकलवरून पडायची भीती असायची, शिवाय त्या काळचे लांब झगे घालून बायकांना त्यावर बसता येत नव्हतं. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७७ मध्ये तीनचाकीसाठी डिफरन्शिअल वापरला. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, ते सांभाळणारी ही यंत्रणा. आज बहुतेक चारचाकी गाड्यांत ती असते. १८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्टार्लीच्या तीनचाकी मागवल्या. मग १८८५ मध्ये त्याच्याच पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, सारख्या चाकांची आणि चेनची रोव्हर सायकल आणली. ती स्वस्त, हलकी, सोपी होती. तीनचाकी मागे पडली ती पडलीच.

गिअर म्हणजे दुबळेपणा?

गिअरचा पहिला मोठा यशस्वी प्रकार इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधून आला. १९०२ साली स्टर्मी-आर्चर कंपनीने मागच्या चाकाच्या हबमध्ये लपवलेले तीन गिअर बाजारात आणायला सुरुवात केली. मधला गिअर सरळ, खालचा हलका, वरचा जड. एक वायर, एक खटका, बास. सगळी यंत्रणा डबीत बंद, त्यामुळे धूळ नाही, चिखल नाही.

त्याच काळात फ्रान्समध्ये चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारे गिअर तयार होत होते. त्यांना डिरेलर म्हणतात, आज आपल्या सायकलींना असतात तेच. पण टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर अजिबात पटत नव्हते. गिअर वय झालेल्यांनी वापरावेत, मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं, अशा मताचे ते होते. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं.

हा विचार आपल्याकडेही आहे बरं का. लिफ्टने आलास? गिअरची सायकल घेतलीस, दम नाही का? आपण हे हसत बोलतो. पण ज्याच्याकडे उभं राहायचा पर्याय आहे त्यालाच ही मर्दानगी परवडते.

आता खटक्याकडे या. तो कुठे बसवायचा हे कोण ठरवत होतं? शर्यतीतला सायकलस्वार. १९४० च्या दशकात इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीचा एक गिअर असा होता की चालवता चालवता हात मागे नेऊन मागच्या चाकाजवळचे दांडे फिरवावे लागायचे. मग खटके सायकलच्या खालच्या तिरप्या दांडीवर आले. शर्यतीत माणूस पुढे वाकलेला असतो, त्याचा हात तिथे सहज पोचतो. आडव्या सायकलवर मात्र ती दांडी असते पायांच्या मध्ये, कुठेतरी लांब. तिथे हात पोचणारच नाही.

पॅरिस, १९३३

मग आडव्या सायकलसाठी वेगळे खटके कुणी बनवले नाहीत का? इथे एक मोठा निकाल आडवा आला.

फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा कारागीर होता. मुलासाठी म्हणून त्याने चार चाकांची पायडलगाडी बनवली. ती इतकी गाजली की त्याने मोठ्यांसाठी बनवायला घेतली आणि पुढे तिची दोन चाकांची आडवी आवृत्ती काढली. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या ट्रॅकवर फ्रान्सिस फॉर तिच्यावर बसला. हा काही पहिल्या फळीतला खेळाडू नव्हता. पण एका तासात तो ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून उभा होता, तो मोडला. पाठ टेकून बसल्यावर वाऱ्याला शरीर कमी लागतं, त्याचा हा फायदा.

सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआय पेचात पडली. ही सायकल आहे का? १९३४ मध्ये त्यांनी सायकलची व्याख्या नव्याने लिहिली आणि आडवी सायकल त्या व्याख्येबाहेर गेली. फॉरचा विक्रम वेगळ्या खात्यात टाकला गेला.

याचा परिणाम शर्यतीपुरता राहिला नाही. ज्या सायकलला शर्यत नाही तिची जाहिरात नाही, जाहिरात नाही तर गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही तर तिच्यासाठी सुटे भाग कोण बनवणार? चाळीस-पन्नास वर्षं आडवी सायकल हौशी लोकांच्या शेडमध्ये राहिली. १९७० नंतर तिला पुन्हा चालना मिळाली. १९९० नंतर ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये, जर्मनीत चांगल्या तीनचाकी बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. पण खटके? ते आजही बहुतेक उसने असतात. डोंगरात चालवायच्या सायकलचे, शर्यतीच्या सायकलचे, शहरातल्या सायकलचे. म्हणून आडवी सायकल घेणाऱ्याला ते निवडून घ्यावे लागतात. दुसऱ्याच्या मापाचे कपडे आणून त्यातला बरा बसणारा शोधायचा, तसंच.

आपल्याकडे एकच गिअर

आता आपल्या देशात या. स्वातंत्र्याच्या आसपास सायकली इथेच बनायला लागल्या. मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ मध्ये, लुधियान्याला हीरो १९५६ मध्ये. सगळ्यांचा मुख्य माल म्हणजे ती काळी, दणकट, एका गिअरची सायकल. हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. दुधाचे कॅन, गवताचा भारा, मागे बायको आणि पुढे लेकरू, एवढं सगळं त्या सायकलने ओढलं. खेड्यातला कुणीही मिस्त्री पाना आणि हातोडी घेऊन ती दुरुस्त करायचा.

पण हाच एक गिअर मग सगळीकडे गेला. माणसं ओढणाऱ्या सायकलरिक्षालाही तोच. तीन माणसांचं वजन, एक गिअर.

यावर महाराष्ट्रातच काम झालं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारित सायकलरिक्षा तयार केली. चेन आखूड केली, मागच्या चाकांना ब्रेक दिले, आणि मुख्य म्हणजे गिअर बसवले. सोबत मोटरची मदत असलेली आणि पूर्ण विजेवर चालणारी रिक्षाही केली. २००२ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्यांनी हे काम मांडलं. इ-रिक्षा आपल्या रस्त्यांवर दिसायला लागल्या त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मग गिअरची सायकलरिक्षा सगळीकडे का पसरली नाही? माझ्या मते एक कारण समजायला सोपं आहे. रिक्षा ओढणारा बहुतेक वेळा ती भाड्याने घेतो. मालक वेगळा. गिअरला जास्तीचा खर्च येतो तो मालकाला, आणि वाचतो तो दम ओढणाऱ्याचा. मालकाला भाडं तेवढंच मिळणार असेल तर त्याने गिअर का बसवावा?

देग्रांज, यूसीआय, रिक्षामालक. तिन्ही ठिकाणी गिअरचा निर्णय अशा माणसाने घेतला ज्याला ती गाडी चढावर ओढायची नव्हती.

हातसायकल

आणि आता आपल्या रस्त्यावरची तीनचाकी.

कानपूरला १९७२ मध्ये अलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. कृत्रिम पाय, कुबड्या, व्हीलचेअर आणि हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली ती बनवते. १९८१ मध्ये केंद्राची एडिप योजना सुरू झाली आणि अशी साधनं शिबिरांतून मोफत किंवा कमी किमतीत मिळायला लागली. शिबिर म्हणजे बहुधा जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं ठिकाण. लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये वेगळा झाला, त्याआधी हे सगळं उस्मानाबादच्या नावावर होतं.

ही साधनं वापरणारी एक अख्खी पिढी पोलिओची आहे. देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली आणि वाइल्ड पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. म्हणजे तुमच्या वयाच्या पोरांमध्ये पोलिओ जवळजवळ नाहीच, पण तुमच्या आईवडिलांच्या वयाचे किती तरी लोक त्या आजारासोबत आयुष्य काढतायत. त्यात ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली, हजारो जखमी झाली. नंतर वसवलेली पुनर्वसित गावं जुन्या गावांपेक्षा खूप पसरट आहेत. घरापासून दुकान, शाळा, बसथांबा, सगळं जुन्या गावापेक्षा लांब गेलं.

या तीनचाकीची रचना दोन तऱ्हेची दिसते. एकीत छातीसमोर दोन्ही हातांनी फिरवायचं पायडल असतं, त्यानेच वळायचं. दुसरीत एका हाताने पायडल फिरवायचं आणि दुसऱ्या हातात वळवायचा दांडा. दोन्हींत पायांचं काम हातांना करावं लागतं, आणि हातांचे स्नायू पायांपेक्षा लहान असतात. लवकर थकतात.

आता आपला मुलूख बघा. नांदेड गोदावरीच्या काठाला, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आत. लातूर बालाघाटच्या पठारावर, सहाशेच्या वर. लोहा, अहमदपूर करत जाणाऱ्या रस्त्यावर हा फरक हळूहळू चढत जातो. अर्थात हातसायकलवर कुणी नांदेडहून लातूरला जात नाही. पण चढ असायला घाट लागत नाही. नदीचा पूल, रेल्वेवरचा उड्डाणपूल, तहसीलच्या दारातला उतार, एवढंही पुरतं. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला धरते तेव्हा सपाट पाणंदसुद्धा चढ होते. जड चाक ओढायलाही हलका गिअरच लागतो.

मगाशी म्हटलं, आपल्याकडे दोन फुकटचे गिअर आहेत, उभं राहणं आणि उतरणं. हातसायकलवाल्याकडे एकच असतो. मागून ढकलणारं कुणीतरी. पुतण्या, शेजारचं पोरगं, रस्त्यावरचा अनोळखी माणूस. ढकलणाऱ्याचं मन मोठं असतं यात वाद नाही. पण रोज त्याच पुलापाशी थांबून कुणाची तरी वाट बघायची, हे तुम्ही स्वतःला विचारून बघा. ढकलणारा नसेल तर बाहेर पडायचं की नाही, हा प्रश्न तिथून सुरू होतो. खटक्याची किंमत तिथे कळते.

आता मोटरच्या तीनचाकी आल्या आहेत, अलिम्कोही बनवते. त्यामुळे पुष्कळ लोकांचं आयुष्य बदललं. पण त्या सगळ्यांना मिळत नाहीत, आणि बॅटरी संपली किंवा बसली की तीच जड गाडी पुन्हा हाताने ओढावी नाहीतर ढकलून न्यावी लागते. म्हणून हाताच्या गाडीच्या गिअरचा विषय जुना झालेला नाही.

खटका निवडायचा तर

आता कामाचं बोलू. तुमच्यात कुणी नांदेडला किंवा लातूरला इंजिनिअरिंग शिकत असेल, कुणाचा काका सायकल मिस्त्री असेल, कुणाच्या घरीच तीनचाकी असेल, तर हे उपयोगी पडेल. आडव्या सायकलवाल्यांनी उसने खटके लावून लावून जे शिकून ठेवलंय ते आपल्याला आयतं मिळतंय.

पहिला प्रश्न: वापरणाऱ्याचा कोणता हात आणि कोणती बोटं चालतात? हँडलच्या मुठीसारखा पिळायचा खटका असतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या स्रॅम कंपनीने तो लोकप्रिय केला. आडव्या तीनचाकींवर तो खूप दिसतो, कारण हात मुठीवरून काढावा लागत नाही. पण त्याला मनगट आणि पकड दोन्ही मजबूत लागतात, आणि घामेजलेला हात घसरतो. बोटाने टिक टिक दाबायचे खटके सोपे, पण अंगठा आणि तर्जनी दोन्ही नीट हवीत. दांड्याच्या टोकाला बसवायचा लांब खटका मात्र तळहाताने, अगदी मनगटाच्या कडेनेही ढकलता येतो. ज्याची पकड कमजोर आहे त्याने आधी हा बघावा.

दुसरा प्रश्न: वायर किती लांब आहे? साध्या सायकलवर खटका ते मागचं चाक हे अंतर थोडं असतं. आडव्या आणि तीनचाकी गाड्यांत वायर लांबते आणि वळणं घेते. घर्षण वाढतं, धूळ बसते. १९८४ मध्ये जपानच्या शिमानोने टिक आवाज करून नेमक्या जागी थांबणारे खटके रुळवले. ते उत्तम, पण वायर जराशी अडकली किंवा ताणली की टिक एकीकडे आणि चेन दुसरीकडे. तुमच्या सायकलचा गिअर मिस्त्रीने पक्का करून टाकला त्यामागे बहुतेकदा हेच असतं. जुन्या पद्धतीचा, टिक न करणारा, घर्षणावर थांबणारा खटका इथे बरा. चेनची खरखर ऐकायची आणि ती थांबेपर्यंत थोडा पुढेमागे करायचा. दोन दिवसांत हात बसतो आणि वायर सैल झाली तरी काम चालतं.

तिसरा प्रश्न: थांबल्यावर काय? डिरेलरचा गिअर चेन फिरत असतानाच बदलतो. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे जड गिअरवर अचानक थांबायला लागलं तर साधा सायकलवाला जमिनीवर पाय मारून निघून जातो. आडव्या तीनचाकीवाल्याला आणि हातसायकलवाल्याला ते जमत नाही. हबमध्ये बंद असलेला गिअर थांबलेला असतानाही बदलतो. आणि तीन चाकांचा एक मोठा फायदा आहे. कितीही हळू गेलं तरी गाडी पडत नाही. दुचाकी चालण्यापेक्षा हळू गेली की डुगडुगते. तीनचाकी ताशी तीन किलोमीटरनेही पूल चढते. म्हणून तिला हलक्यात हलका गिअर द्यायला घाबरू नका.

चौथा प्रश्न खास हातसायकलचा: खटका बसवायचा कुठे? दोन्ही हात फिरत्या मुठींवर असतील तर मुठीवर खटका लावता येत नाही, फेरीबरोबर वायर गुंडाळली जाईल. तो पुढच्या स्थिर भागावर, छातीसमोर बसवावा लागतो आणि बदलताना एक हात क्षणभर काढावा लागतो. एका हाताने वळवायचा दांडा असेल तर सरळ त्या दांड्यावर, अंगठ्याजवळ बसवावा. ब्रेक आणि गिअर एकाच हाताला आले तर दोन्ही एकदम दाबले जाणार नाहीत इतकं अंतर ठेवावं.

पाचवा प्रश्न सगळ्यात आपल्या मातीतला: दुरुस्त कोण करणार? हबचा गिअर सगळ्यात सोयीचा, पण त्याचे भाग देगलूरला किंवा उदगीरला मिळणं कठीण. पोरांच्या गिअरच्या सायकलींमुळे सहा चकत्यांचं फ्रीव्हील, साधा डिरेलर आणि अंगठ्याचा खटका मात्र सायकलच्या दुकानात मिळतो आणि मिस्त्रीला तो बसवता येतो. उत्तम पण दुरुस्त न होणाऱ्या गाडीपेक्षा मध्यम पण गावात दुरुस्त होणारी गाडी जास्त दिवस चालते. बदल करताना ब्रेकही तपासा. हलक्या गिअरने माणूस पूल चढला की पलीकडे उतार असतोच.

शेवटी

फारफ्लरची आठवण ठेवा असं मघाशी म्हटलं होतं. १६५५ मध्ये गाडी बनवणारा आणि चालवणारा एकच होता, त्यामुळे मूठ कुठे असावी हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. नंतरच्या साडेतीनशे वर्षांत बनवणारा, विकत घेणारा आणि चालवणारा असे तीन वेगळे लोक झाले, आणि चालवणाऱ्याला विचारायचं राहून गेलं. शिबिरात एकाच मापाच्या पन्नास गाड्या वाटणं सोपं असतं, फोटोही चांगला येतो. पन्नास जणांचे हात मात्र पन्नास तऱ्हेचे असतात.

तेव्हा एक काम सांगतो. तुमच्या ओळखीत कुणी हातसायकल चालवत असेल तर त्यांना तीन गोष्टी विचारा. रोजच्या वाटेवर कुठे अडतं? कोणता हात आधी थकतो? अंगठा नीट दाबता येतो का? उत्तरं लिहून घ्या आणि जवळच्या मिस्त्रीकडे किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये न्या. प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? हा घ्या. आणि बनवताना ज्याची गाडी आहे त्याला पहिल्या दिवसापासून सोबत बसवा, उद्घाटनालाच बोलवू नका.

आणि हो, तुमच्या स्वतःच्या सायकलचा गिअर अडकलेला असेल तर वायर बदला. फार खर्च येत नाही.

हा भाग ज्याच्या उपयोगाचा आहे त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर रामराम!